मिळालं का?

आपल्याला कोणाचाही हेवा वाटत नाही, असं भांडारपाल छातीठोकपणे सांगत असत. ते ज्या कारखान्याचं स्टोअर सांभाळत, तिथले बरोबरीचे लोक साहेब होऊन वरच्या मजल्यावर बसायला गेले, त्यांचा वाटला नाही. समोरच्या बिऱ्हाडानं बाल्कनीला काचा बसवून घेतल्या, त्यांचा वाटला नाही. (पुढे त्या काचा धुताना त्यांची तारांबळ बघितल्यावर तर उलट बरंच वाटलं.) पण एका माणसाचा विषय निघाला की त्यांच्या पोटात कोणीतरी ओला टॉवेल पिळल्यासारखं होई. आणि त्या माणसाचा विषय घरात दिवसभर निघे.

"सर म्हणतात, अंडी उकडूनच खायची."

"सर म्हणतात, उशी पातळ हवी."

"सर म्हणतात, बसताना पाठ सरळ."

आता पाठीचं म्हणाल, तर मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून भांडारपाल तिला पाठ सरळ ठेवायला सांगत होते. तेव्हा उत्तर मिळे, "बाबा, तुमचं काहीतरीच." तेच वाक्य सरांच्या तोंडून आलं की त्याचं शास्त्र होई. सर म्हणजे कॉलेजातले खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर कायम असं हसू, की या माणसाच्या घरी बहुधा भांडी घासायला लागतच नसावीत.

मुलगी कॉलेजच्या रिले संघात होती. चार मुलींनी मैदानाला एक फेरी मारायची, प्रत्येकीनं पाव फेरी, आणि पळता पळता एकीनं दुसरीच्या हातात एक दांडकं द्यायचं. त्याला बॅटन म्हणतात. भांडारपालांच्या मते ही पळण्याची शर्यत नसून माल पोचवण्याची होती, आणि माल पोचवण्यातलं त्यांना सरांपेक्षा निश्चितच जास्त कळत होतं. पण त्यांना विचारतो कोण?

संघात मुली एकमेकींना नावानं हाक मारत नसत. पळण्याच्या क्रमानं पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असंच म्हणत. भांडारपालांची मुलगी दुसरी. हे प्रथम कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"एकुलती एक मुलगी माझी. आणि तिला दुसरी म्हणतात?"

"बाबा, तो नंबर आहे."

"पहिला नंबर रिकामा नव्हता का?"

बायको जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. घरात माणसं दोनच. सकाळचा स्वयंपाक त्यांचा, संध्याकाळचा मुलीचा. रविवारी दोघं मिळून घर आवरत आणि मग शेजारी शेजारी बसून टीव्हीवर काहीही लागलेलं बघत. दोघांचा का होईना, संघ होता. त्यातला अर्धा संघ आता रविवारी उजाडायच्या आत बूट घालून निघून जाई. सराव! सर एकदा शिट्टी वाजवत आणि ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून धावत येई. घरात तीन हाका मारल्या तरी "आले" म्हणून येत नसे.

यावर भांडारपालांनी एक उपाय करून पाहिला. कारखान्यातल्या जुन्या सामानात एक शिट्टी पडून होती, ती घरी आणली आणि सकाळी चहा झाल्याबरोबर स्वयंपाकघरात जोरात वाजवली. मुलगी कुशीवर वळली. पण वॉचमन काठी घेऊन धापा टाकत वर आला, खालच्या काकू अंगणात येऊन "गॅस बंद करा, गॅस बंद करा" म्हणून ओरडू लागल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर धावले. भांडारपालांनी शिट्टी खिशात घातली आणि "कुकर नवीन आहे" असं सांगून दार लावून घेतलं.

खरी गोष्ट घडली ती मागच्या स्पर्धेत. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये बॅटन पडलं. बॅटन पडलं की संपलं, बाकीच्या पुढे निघून जातात. त्याआधीच्या स्पर्धेतही तिथेच पडलं होतं. सर म्हणाले (सर म्हणतातच), की पुढच्या स्पर्धेआधी हे सुधारलं नाही तर दुसरीच्या जागी राखीव मुलगी पळेल. मुलगी त्या दिवशी जेवली नाही.

भांडारपालांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. फक्त त्या वाईट वाटण्याच्या मागून एक विचार मांजरासारखा हळूच आत आला: संघातून काढलं, तर रविवारी घरी असेल. त्यांनी त्या विचाराला हाकललं नाही, पण दूधही घातलं नाही.

त्यातच कॉलेजचं मैदान दुरुस्तीसाठी बंद झालं. भांडारपालांना वाटलं, हीच संधी. ते मुलीला म्हणाले, "आपल्या इमारतीच्या मागे गाड्यांसाठी ठेवलेला लांब रस्ता आहे. रविवारी निम्म्या गाड्या बाहेर जातात. तिथे या सगळ्या." त्यांचा हिशेब सरळ होता. सराव घराखाली झाला तर मुलगी घराखाली राहील. शिवाय सहकार्य म्हणजे काय, हे त्या टोपीवाल्याला आपल्या अंगणात दाखवता येईल.

"खरंच बाबा?" म्हणून मुलीनं त्यांच्या गळ्यात हात टाकला. पुष्कळ दिवसांनी टाकला. भांडारपाल फसले ते तिथेच.

आपल्याच इमारतीमागे चार मुलींना पळू द्यायचं म्हणजे किती सोपं काम, असं तुम्हाला वाटेल. भांडारपालांनाही वाटलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "हरकत काहीच नाही. पण फाटकावरची पाटी वाचलीत का?"

पाटीवर लिहिलं होतं: वेगमर्यादा ताशी दहा किलोमीटर.

"अहो, ती गाड्यांना आहे."

"गाड्यांना असं कुठे लिहिलंय? मुली किती वेगानं पळतात?"

भांडारपालांची छाती फुगली. "पंचवीसच्या आसपास."

"बघा! म्हणजे अडीचपट. उद्या कोणाच्या गाडीला मुलगी धडकली, तर भरपाई कोण देणार?"

समिती बसली. एकानं सुचवलं, मुलींना मागे लाल दिवा लावा. दुसऱ्यानं विचारलं, की पळणं हा निवासी वापर आहे की व्यावसायिक? तिसऱ्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की या मुली घामाघूम झाल्यावर कुठल्या नळाचं पाणी वापरणार. खालच्या काकू म्हणाल्या, "पळू देत बाई, पण माझ्या कुंड्यांना धक्का लागता कामा नये. आणि कानात सांगते, त्या संघबिंघात घालण्यापेक्षा पोरीला शिवण शिकवा. एकटीनं करता येतं." शेवटी निर्णय झाला, की मुली पळू शकतील, पण ताशी दहाच्या आत. म्हणजे चालू शकतील.

ही नामुष्की सरांना सांगताना भांडारपालांची मान खाली गेली. सर मात्र टोपी मागे सारून हसले. "उत्तम! दांडकं द्यायला चालतच शिकायचं असतं, काका. पळायला आमच्या मुलींना येतंच."

काका! वयानं चार-पाच वर्षांचं अंतर असेल नसेल. भांडारपालांनी तेही गिळलं.

पहिल्या रविवारी चौघी आल्या आणि एका रांगेत चालू लागल्या. सर शेजारून चालत सांगत होते, "घेणारीनं मागे बघायचं नाही. नजर पुढे, हात मागे. देणारी हाक देईल, हातात ठेवेल आणि सोडेल. विश्वास पाहिजे, विश्वास!" भांडारपाल पायरीवर बसून ऐकत होते. मागे न बघता वस्तू घ्यायची? त्यांच्या स्टोअरमध्ये असं कोणी केलं असतं, तर त्याला नट मागितल्यावर बोल्ट मिळाला असता.

मध्येच त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि मुलींना सहकार्यावर चार शब्द सांगू लागले. कारखान्यात सगळे विभाग कसे एकमेकांवर अवलंबून असतात, फिटरला वेळेवर बेअरिंग मिळालं नाही तर सगळं कसं थांबतं वगैरे. चौथी जांभई दाबत होती. तिसरी मात्र लक्ष देऊन ऐकत होती, म्हणून भांडारपालांना ती बरी वाटली. मग लक्षात आलं, की ती त्यांच्या हातातल्या केळ्यांकडे बघतेय.

ही तिसरी म्हणजे काटकुळी, बडबडी पोर. केळं सोलता सोलता म्हणाली, "काका, दुसरीच्या अंगठ्याचं नख सुधारलं का?"

"कसलं नख?"

"निघून आलं ना तिचं, बुटात घासून. तुम्हाला माहीत नाही?"

भांडारपाल म्हणाले, "माहीत आहे तर!" आणि वर घरात जाऊन उगाच नळ सोडून उभे राहिले. एका घरात राहून मुलीच्या अंगठ्याची बातमी त्यांना बाहेरून मिळत होती. त्या दिवशी त्यांना तिसरीचा एवढा हेवा वाटला, की उरलेली केळी त्यांनी कपाटात ठेवून दिली.

पण खरा घाव पुढच्या रविवारी पडला. भांडारपाल वरून खिडकीतून ओरडले, "छकुले, पाण्याची बाटली विसरलीस!"

खाली हशा पिकला. छकुली हे घरातलं नाव. आईनं ठेवलेलं, आणि आता जगात एकच माणूस ते वापरत होता. मुलगी लाल झाली. सर मात्र चुटकी वाजवून म्हणाले, "सापडलं! मैदानावर सगळेच संघ 'हात, हात' ओरडतात, आपली हाक कुठली तेच कळत नाही. पहिली, आतापासून तू दुसरीला हाक द्यायची, 'छकुले!' दुसरा कोणताही संघ हे ओरडणार नाही."

आणि पहिली, जिचा आवाज मुळात भोंग्यासारखा, ती दिवसभर इमारतीमागे "छकुले! छकुले!" करत चालत राहिली. सेक्रेटरी छकुले म्हणू लागले. वॉचमन म्हणू लागला. काकूंनी एका कुंडीतल्या रोपाला ते नाव दिलं. भांडारपालांनी खिडकी लावून घेतली. संघानं रविवार नेला, नख नेलं. आता हेही.

तिसऱ्या रविवारी पहिली आलीच नाही. आदल्या दिवशी जिना उतरताना तिचा पाय मुरगळला होता. चालायला चौघी तर हव्यात. सर इकडे तिकडे बघू लागले, आणि भांडारपालांच्या तोंडून शब्द निघून गेले, "मी उभा राहतो."

"बाबा, नको."

"का नको? चालायचंच तर आहे. आयुष्यभर लोकांच्या हातात वस्तूच देत आलोय."

बाल्कन्या भरल्या. काचवालं बिऱ्हाड काच सरकवून बाहेर आलं. भांडारपालांनी पँट वर ओढली, बॅटन घेतलं आणि मुलीच्या मागे चालू लागले. पुढे मुलगी, नजर समोर, हात मागे. त्यांनी घसा साफ करून हाक दिली, "छकुले!" बरोबर तिच्या हातात बॅटन ठेवलं. तिनं धरलं. आणि पाटी विसरून, सवयीनं ती पळाली.

भांडारपालांनी बॅटन सोडलं नाही.

का नाही सोडलं, हे त्यांना नंतर कितीदा तरी विचारण्यात आलं. हल्ली स्टोअरमधले फिटरही कुरकुरत, की भांडारपालांकडून बेअरिंग घ्यायचं म्हणजे रस्सीखेच असते. समोरचा "मिळालं" म्हणेपर्यंत हे आपलं टोक धरून ठेवतात. पण त्या क्षणी विचार करायला वेळ नव्हता, कारण भांडारपाल स्वतः ताशी दहाच्या बरेच वर गेले होते.

"बाबा, सोडा!"

"मिळालं का तुला? नीट मिळालं का?"

"सोडा आधी!"

"मिळालं म्हण!"

अशी ही वरात निम्मा रस्ता गेली. मग एक चप्पल मागे राहिली, एक गुडघा पुढे गेला, आणि भांडारपाल काकूंच्या कुंड्यांमध्ये असे बसले, की आणखी एक कुंडी ठेवायला जागा उरली नाही. हातातलं टोक तेवढं घट्ट होतं. दुसऱ्या टोकाला मुलगी त्यांच्या अंगावर.

काकू ओरडल्या, "माझी छकुली!" त्या रोपाबद्दल बोलत होत्या.

सगळी इमारत हसत होती. फक्त सर हसत नव्हते. ते कुंड्यांजवळ उकिडवे बसले, आधी बापाच्या मुठीकडे बघितलं, मग मुलीच्या.

"दुसरी, तिसरीला देताना तूसुद्धा हेच करतेस. मला इतके दिवस वाटत होतं, तू घाईनं सोडतेस. उलटंच आहे. तू सोडत नाहीस."

"मला वाटतं, तिला मिळालं नसेल तर?" मुलगी म्हणाली.

"अगदी हेच वाटतं," भांडारपाल कुंडीतून म्हणाले. मग आपण सरांसमोर कबुली देतोय हे ध्यानात येऊन शर्टावरची माती झटकू लागले.

सगळे गेल्यावर बापलेक पायरीवर बसले. मुलगी त्यांच्या कोपरातली माती ओल्या फडक्यानं पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "बाबा, आईचा ग्लास."

"काय?"

"आईला पाणी देताना. तिनं धरलाय असं वाटलं तरी आपण सोडत नव्हतो."

भांडारपालांना काही आठवावं लागलं नाही. शेवटच्या महिन्यांत तिच्या बोटांत जोर नव्हता. ती "धरलाय" म्हणे, आणि ग्लास हळूहळू कलंडू लागे. मग दोघंही, ज्याची पाळी असेल तो, खालून हात तसाच ठेवत. ती चिडे. "मिळालाय म्हटलं ना!" म्हणे. तरी ठेवत. त्याआधी स्टोअरमध्ये ते वस्तू काउंटरवर टाकून मोकळे होत, हे त्यांना आता कळत होतं.

ते एवढंच म्हणाले, "पोरींच्या बोटांत जोर आहे ना?"

"तिसरीच्या? बाबा, ती नारळ फोडेल."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. स्पर्धा जवळ आली होती. आणखी एकदा बॅटन पडलं असतं, की राखीव मुलगी पळाली असती आणि रविवार परत घरी आले असते, केळ्यांसकट. मांजर पुन्हा दाराशी येऊन बसलं होतं. भांडारपालांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग उठून वर गेले आणि स्टीलचा ग्लास पाण्यानं भरून आणला.

"पाठ कर. हात मागे."

"बाबा?"

"छकुले!" ते ओरडले, ग्लास तिच्या हातात ठेवला आणि डोळे मिटून सोडला.

पडला. दुसराही पडला. मग मुलीनं द्यायला आणि त्यांनी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वाटी पडली, डबा पडला, डब्यातली साखर पडली. त्या आठवड्यात घरात कुठलीही गोष्ट समोरासमोर दिली गेली नाही. वर्तमानपत्र, साबण, दाराची किल्ली, सगळं पाठमोरं. खालच्या काकू रोज वर येऊन विचारत, "भांडणं होतात का हो तुमची? आवाज येतो म्हणून विचारते. नाहीतर मला काय करायचंय!"

आठवड्याच्या शेवटी मुलीनं भरलेला ग्लास चालत चालत दिला आणि भांडारपालांनी मागे न बघता घेतला. थेंबही सांडला नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, कारण बघायचं नसतं.

स्पर्धेच्या दिवशी भांडारपालांची जागा नेमकी सरांच्या शेजारी आली. सरांनी अर्धं चॉकलेट पुढे केलं. भांडारपालांनी "दात" म्हणून नाकारलं.

बंदूक वाजली. पहिली पाय बरा होऊन आली होती, सुटली. सगळ्या मैदानभर "हात! हात!" असा गोंधळ उठला आणि त्यात भोंगा वाजला, "छकुलेऽऽ!" मुलीनं हात मागे केला, घेतलं, निघाली. भांडारपालांना त्या क्षणी पहिलीचा राग यायला हवा होता. आठवणच राहिली नाही. ते बाकावर उभे होते. समोर तिसरी हात मागे करून पळू लागली होती, मुलगी पोचत होती, आणि त्यांची स्वतःची मूठ सरांच्या दंडावर आवळली गेली होती.

"सोड," ते पुटपुटले. मग मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "सोड, बाळा, तिला मिळालंय!"

तिनं सोडलं. तिसरी घेऊन पळाली, चौथीला दिलं, चौथी पोचली. आठ संघांत त्या चौथ्या आल्या. पण दांडकं पडलं नव्हतं, आणि चौघी अशा नाचत होत्या, की पहिल्या आलेल्या मुली आपलं काही चुकलं की काय म्हणून वळून बघू लागल्या.

"काका," सर हळूच म्हणाले, "माझा हात सोडा आता."

मुलगी आधी तिसरीच्या गळ्यात पडली. मग पहिलीच्या. मग चौथीच्या. मग सरांना टाळी दिली. भांडारपाल मोजत होते. म्हणजे आपण पाचवे! एवढ्यात ती कठड्याशी आली, घामानं निथळत, आणि बॅटन पुढे करून म्हणाली, "बाबा, धरा."

त्यांनी हात पुढे केला, तोवर तिनं सोडूनही दिलं होतं. बॅटन सरळ त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

"अगं, मला मिळालं कुठे होतं!"

"सर म्हणतात," ती वळून पळता पळता ओरडली, "घेणाऱ्याचीही काही जबाबदारी असते!"

दुसऱ्या दिवशी भांडारपाल लंगडत कामावर गेले. पहिलाच फिटर बेअरिंग मागायला आला. भांडारपालांनी ते त्याच्या हातात ठेवलं आणि सोडलं. सवयीनं ओढायच्या तयारीत उभा असलेला फिटर दोन पावलं मागे गेला आणि बेअरिंग खणखणत फरशीवर लोळलं.

"साहेब, सोडलंत कसं एकदम?"

"घेणाऱ्याचीही काही जबाबदारी असते," भांडारपाल म्हणाले.

"असं कोण म्हणतं?"

भांडारपालांनी जीभ चावली. पण आता इलाज नव्हता.

"सर म्हणतात," ते म्हणाले, आणि दिवसभर त्यांना स्वतःचाच राग येत राहिला.